चवदार तळं आणि हवेतला आवाज



१९२७ साल आपल्याला तोंडपाठ असतं. २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्याले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघालं. २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. एवढं आपल्या वस्तीतलं शाळकरी पोरगंसुद्धा घडाघडा सांगतं. पण त्याच १९२७ सालात आणखी दोन गोष्टी घडल्या. त्या आपल्या अभ्यासवर्गात कुणी सांगत नाही. १ जानेवारीला इंग्लंडातली बी.बी.सी. खाजगी कंपनी राहिली नाही, राजसनद घेऊन सार्वजनिक महामंडळ झाली. आणि २३ जुलैला मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं नभोवाणी केंद्र सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, पाणी कुठं आणि रेडिओ कुठं! थांबा जरा. महाडचा लढा नुसता पाणी पिण्यासाठी नव्हता, हे बाबासाहेबांनी तिथंच बजावलं होतं. 'सार्वजनिक' या शब्दाचा खरा अर्थ काय, त्याचा तो लढा होता. ज्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पितात, परधर्माची माणसं पितात आणि आम्ही तेवढे बाजूला उभे राहतो, ते तळं सार्वजनिक कसलं? हाच सवाल मला रेडिओला आणि टेलिव्हिजनला विचारायचा आहे. सार्वजनिक प्रसारण म्हणतात ते कुणाच्या ताब्यात असतं? त्याच्या माईकपुढं बसायचा हक्क कुणाला असतो? आणि लोकशाहीत ते स्वतंत्र असणं आपल्यासारख्यांना जास्त गरजेचं का आहे?

महाडची एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला होता. सरकारी पैशानं चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं. तरी तीन वर्षं त्या तळ्यावर आपलं एक माणूस फिरकू शकलं नाही. पाणी प्याल्यावर डोकी फुटली. कोर्टात खटला चालला, तो मुंबई हायकोर्टात १९३७ साली आपल्या बाजूनं लागला. ठराव १९२३ चा आणि निकाल १९३७ चा. मधली चौदा वर्षं आपण भोगली.

आता आपल्या भागाकडं या. जळकोट, उदगीर, कंधार हा सगळा पट्टा निजामाच्या राज्यात. निजामाचा स्वतःचा रेडिओ होता, डेक्कन रेडिओ, हैदराबादला. औरंगाबादलाही एक केंद्र होतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानिकांच्या मुलखात जी पाच केंद्रं होती, त्यांतली ही दोन. त्या रेडिओवरून स्वतंत्र हैदराबादचा प्रचार चालायचा. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला, त्याचा आवाज त्यावरून घुमायचा. आणि १७ सप्टेंबर १९४८ ला माघार घेतल्याचं निजामाला जाहीर करावं लागलं, तेही त्याच रेडिओवरून. १९५० साली ही केंद्रं आकाशवाणीनं ताब्यात घेतली. मालक बदलला. हैदराबादच्या जागी दिल्ली आली. पण मालकाचाच माईक, ही रीत काही बदलली नाही.

औरंगाबादचं ते केंद्र पुढं बंद पडलं. १९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र निघेपर्यंत मराठवाड्याला स्वतःचा आवाजच नव्हता. औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) पुन्हा केंद्र आलं ते १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत.

तिकडं पश्चिम महाराष्ट्रात १९५६ साली एक मोठा प्रयोग झाला होता. युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर चर्चा करायची, ठरेल ते करायचं आणि आपले सवाल केंद्राला लिहून कळवायचे. रेडिओनं नुसतं सांगायचं नाही, गावाचं ऐकायचंही, अशी ती कल्पना. चांगलीच होती. आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात, त्यामुळं आपल्या वाट्याला तेही आलं नाही. पण आलं असतं तरी मला एक शंका आहे. गावानं एकत्र बसायचं म्हणजे कुठं? चावडीवर, नाहीतर देवळापुढं. आणि तिथं आपली माणसं कुठं बसणार? पायरीखाली. ज्याला शेत नाही त्यानं शेतकरी मंडळात कोणता सवाल लिहून द्यायचा?

ग्रामपंचायतीचा रेडिओ आपल्याकडं आला तेव्हा तो असाच आला. म्हातारी माणसं सांगतात, पंचायतीच्या ओट्यावर रेडिओ, ओट्यावर गाव आणि लिंबाखाली आपण. कान मात्र सगळ्यांचे एकाच डब्याला. त्या काळातली एक म्हातारी आमच्या वस्तीत होती. ती म्हणायची, "ह्यो डबा समद्या दुनियेचं सांगतो. रशियाचं सांगतो, चीनचं सांगतो. आमच्या हिरीचं काई सांगत न्हाई." सार्वजनिक प्रसारणावर याहून नेमकी टीका मी आजवर कुठं वाचली नाही.

पुढं ट्रान्झिस्टर आला आणि ओट्याची मक्तेदारी मोडली. सालगड्याच्या खांद्याला, बिगारीच्या सायकलीला रेडिओ लटकला. ऐकण्याचा हक्क आपण पैसे मोजून, पोस्टात लायसन भरून मिळवला. बोलण्याचा हक्क मात्र पैशानं मिळत नव्हता. याच उदगीर-जळकोट भागातलं आपलं जगणं जगाला कळलं ते प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' मधून, १९७९ साली. कागदावरून कळलं, कारण कागद आपल्या हातात होता.

बाबासाहेबांना हे सगळं फार आधी कळलं होतं. १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापली नाही. म्हणून त्यांनी जन्मभर स्वतःची पत्रं काढली, कर्ज काढून काढली. पण सार्वजनिक माध्यमावरचा हक्कही त्यांनी सोडला नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४२ च्या अखेरीस ते मुंबई केंद्रावरून महायुद्ध आणि हिंदी कामगार या विषयावर बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवरून त्यांनी आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, आपल्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलं आहे, हे त्यांनी सरकारी माईकवरून देशाला ऐकवलं. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. मे १९५६ मध्ये ते बी.बी.सी.वर बुद्ध धम्माबद्दल आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावर भारतातल्या लोकशाहीच्या भवितव्याबद्दल बोलले.

पण दोन प्रसंग त्याहून महत्त्वाचे. पहिला ऑक्टोबर १९५१ चा. हिंदू कोड बिलाचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर त्याची कारणं सांगणारं निवेदन ते तेव्हाच्या हंगामी संसदेत करणार होते. उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेब सभागृहातून निघून गेले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिलं. बोलण्याआधी मजकूर दाखवा, आम्ही बघू, मग बोला! मित्रांनो, आकाशवाणीवर बोलायला गेलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. आधी स्क्रिप्ट द्या.

दुसरा प्रसंग २२ डिसेंबर १९५२ चा. पुण्यात वकिलांपुढं ते लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं यावर बोलले. त्यात त्यांनी विरोधी पक्षाची गरज सांगितली आणि लगेच वृत्तपत्रांवर बोट ठेवलं. आपली वृत्तपत्रं सत्ताधाऱ्यांची भाषणं रकानेच्या रकाने छापतात आणि विरोधकांचं कुठंतरी शेवटच्या पानावर टाकतात, याचं कारण जाहिरातींचं उत्पन्न. ते सरकारकडून येतं, विरोधकांकडून येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी या निदानातला एक शब्द बदलायची गरज नाही. सत्तेच्या पैशावर जगणारं माध्यम सत्तेचं होतं, बाजाराच्या पैशावर जगणारं बाजाराचं होतं. ज्याच्याकडं सत्ता नाही आणि पैसाही नाही, त्याचं कोण सांगणार? त्यासाठी तिसरं काहीतरी लागतं. लोकांच्या पैशावर चालणारं, पण सरकारच्या हुकुमात नसणारं. त्यालाच सार्वजनिक प्रसारण म्हणतात.

हे आपल्या राज्यकर्त्यांना माहीत नव्हतं असं नाही. १५ मार्च १९४८ ला पंडित नेहरू घटना समितीत म्हणाले होते की आपली नभोवाणी शक्यतो बी.बी.सी.सारखी निम-स्वायत्त महामंडळ असावी, पण हे लगेच शक्य नाही. ते 'लगेच' संपायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. तोवर मंत्र्याच्या मर्जीनं देशाचा कान चालला. वल्लभभाई पटेल नभोवाणीचे मंत्री असताना, ज्यांचं खाजगी आयुष्य बदनाम आहे त्यांना कार्यक्रम द्यायचा नाही असा नियम झाला. त्यात कोठ्यावर गाणाऱ्या बाया बाहेर गेल्या. हार्मोनियमला तर १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. ज्या पेटीवर आपले जलसे उभे राहिले ती पेटी! बाळकृष्ण केसकर मंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी रुचेनात, तर देशभर गाणी बंद. लोकांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. एका माणसाची सोवळी आवड कोट्यवधी लोकांवर कशी लादली जाते, याचा हा धडा आहे.

गाण्यापर्यंत होतं तोवर लोकांनी हसून सोडलं. १९७५ ला हसू थांबलं. २६ जूनच्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणी सांगितली ती आकाशवाणीवरूनच. माहिती व नभोवाणी मंत्री गुजराल गेले, विद्याचरण शुक्ल आले. पुढचे एकोणीस-वीस महिने तो एका पक्षाचा भोंगा झाला. खरी बातमी हवी तर लोक रात्री दार लावून बी.बी.सी. ऐकायचे आणि हातोहात फिरायची ती सायक्लोस्टाईलची पत्रकं.

मग १९७७ च्या फेब्रुवारीत एक गंमत झाली. बाबू जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले. दलित समाजातून आलेला, दिल्लीत सगळ्यात मोठ्या पदापर्यंत पोचलेला माणूस. आणीबाणीला मंजुरी देणारा ठरावही लोकसभेत यांनीच मांडला होता, हेही विसरायचं कारण नाही. ६ फेब्रुवारीला रामलीला मैदानावर त्यांची आणि इतर विरोधी नेत्यांची सभा होती. लोकांनी घरात बसावं म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शननं ठरलेला सिनेमा बदलून 'बॉबी' लावला. तरी मैदान भरलं. सरकारी माध्यम किती हास्यास्पद होऊ शकतं ते देशानं त्या दिवशी पाहिलं.

जनता सरकार आलं. माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका निघाली. बी. जी. वर्गीस यांच्या समितीनं फेब्रुवारी १९७८ मध्ये अहवाल दिला की 'आकाश भारती' नावाचा स्वायत्त राष्ट्रीय न्यास करा. बिल आलं, सरकार पडलं, बिल बुडालं.

आणि त्याच १९७८ मध्ये आपल्याकडं काय चाललं होतं? २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. शेकडो गावांत वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे, सुगावला जनार्दन मेवाडे यांचे बळी गेले. मोठं दैनिक 'मराठवाडा' नामांतराच्या विरोधात उभं होतं. अशा वेळी जळत्या वस्तीतल्या माणसानं कुणाकडं बघायचं?

दंगलीच्या बातमीत जातीचं नाव घ्यायचं नाही, असा वृत्तपत्रांचा आणि सरकारी माध्यमांचा जुना संकेत आहे. हेतू वाईट नाही, आग भडकू नये एवढाच. पण या संकेतातून एक भाषा तयार झाली. 'दोन गटांत तणाव.' 'परिस्थिती नियंत्रणाखाली.' दोस्तहो, ज्याचं घर जळलं तो एक गट आणि ज्यानं जाळलं तो दुसरा गट? हल्ल्याचं भांडण झालं की गुन्हेगार नाहीसा होतो. तटस्थता म्हणजे दोघांना सारखं अंतर नव्हे. खरं काय ते बघून सांगणं म्हणजे तटस्थता. त्यासाठी वार्ताहराला वस्तीत जावं लागतं, आणि त्याच्या पाठीशी अशी संस्था लागते जी मुंबईच्या मंत्र्याला भीत नाही आणि गावच्या पाटलालाही भीत नाही. तेव्हा ते काम कुणी केलं? कार्यकर्त्यांनी. अत्याचारविरोधी समितीनं गावोगाव फिरून अहवाल काढला, तो १९७९ मध्ये छापून आला. आपल्या अनियतकालिकांनी, पत्रकांनी केलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याआधी नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं होतं. सोळा वर्षं आपण आपली बातमी आपल्या पाठीवर वाहिली.

आता कायद्याकडं. व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं १९९० मध्ये प्रसार भारती कायदा केला. तो अंमलात आला १५ सप्टेंबर १९९७ ला. सात वर्षं कपाटात! या कायद्याचं बारावं कलम प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. नागरिकाला सार्वजनिक हिताच्या प्रत्येक गोष्टीची मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपणं, हे प्रसार भारतीचं कर्तव्य आहे. आणि पुढं स्पष्ट लिहिलंय की सामाजिक न्याय वाढवणं, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट गोष्टींशी लढणं, हेही तिचं कर्तव्य. अस्पृश्यतेशी लढणं! रेडिओच्या कायद्यात! किती जणांना ठाऊक होतं हे?

मधेच ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. विषय क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण निकाल फार दूरचा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश त्या पीठावर होते. कोर्टानं सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नाही, कुण्या कंपनीचीही नाही. समाजातल्या सर्व थरांचं प्रतिनिधित्व असलेलं स्वायत्त मंडळ नेमा आणि त्याच्याकडं या लहरींचं नियमन द्या, असं कोर्टानं केंद्राला सांगितलं. ते मंडळ झालं नाही. १९९७ चं प्रसारण बिलही बुडालं. म्हणजे आपला १९२३ चा ठराव पुन्हा एकदा. तळं सार्वजनिक आहे, कागदावर.

प्रसार भारतीला स्वायत्त म्हणतात, पण पगाराचा पैसा सरकारच्या तिजोरीतून येतो आणि कायद्याच्या तेविसाव्या कलमानं सरकार हुकूमही देऊ शकतं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे निवडून आलेले मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण मजकूर बदलल्याशिवाय लावायला नकार मिळाला. मुख्यमंत्र्याची ही गत, तिथं आपल्या शाहिराची काय! आणि बी.बी.सी.चं नाव घेतलं म्हणून ती काही देव नव्हे. १९२६ च्या सार्वत्रिक संपात तिनं मजूर पक्षाचे नेते मॅकडोनल्ड यांना बोलू दिलं नव्हतं. सनद मिळाली म्हणून स्वातंत्र्य मिळत नाही, ते रोज वापरून टिकवावं लागतं.

खाजगी वाहिन्या आल्यावर सगळ्यांचा आवाज येईल असं काहीजण म्हणत होते. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. वृत्तसंस्थांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. १०६ जागांवर सवर्ण. अनुसूचित जाती-जमातींचं माणूस एकही नाही. शून्य. आता मोबाईलवर आपली पोरं स्वतः बोलतात, गातात, ते चांगलंच आहे. पण तो ओटाही कुणा कंपनीचाच आहे. त्यांनी बटण दाबलं की आपण पुन्हा लिंबाखाली.

मग करायचं काय? उत्तर फार लांब नाही. जळकोटहून उदगीर, उदगीरहून बिदर, बिदरच्या पुढं झहिराबाद. त्या तालुक्यातल्या माचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ ला संगम रेडिओ सुरू झाला. चालवणाऱ्या बाया दलित, शेतात राबणाऱ्या. युनेस्कोच्या मदतीनं त्यांचा स्टुडिओ नव्वदच्या दशकातच उभा राहिला होता, पण सरकार लायसन देईना. दहा वर्षं त्या थांबल्या नाहीत. कॅसेटवर कार्यक्रम भरायच्या आणि संघाच्या बैठकीत वाजवायच्या. २००६ मध्ये संस्थांना समुदाय रेडिओ खुला झाला आणि मग त्यांचा आवाज हवेत गेला. बियाणं, पाऊस, बाळंतपण, गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. पण अशा रेडिओला स्वतःची बातमी द्यायला आजही बंदी आहे. आकाशवाणीची बातमी तेवढी लावता येते. म्हणजे गाणं म्हणा, बियाण्याचं सांगा, पण आमच्या विहिरीवर आम्हाला अडवलं हे सांगू नका. त्या म्हातारीची तक्रार अजून जिथल्या तिथं आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आपापल्या भागातल्या आकाशवाणी केंद्राकडं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. बाराव्या कलमाप्रमाणं अस्पृश्यतेविरुद्ध गेल्या वर्षभरात किती कार्यक्रम केले, त्यात बोलायला कोण होतं, ते विचारा. आपल्या नोंदणी झालेल्या संस्थांनी समुदाय रेडिओच्या लायसनसाठी अर्ज करावेत आणि बातमीवरच्या बंदीविरुद्ध आवाज उठवावा. आणि आपले कागद, आपले जलसे, आपली अनियतकालिकं बंद पडू देऊ नका. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' चालवला आणि तळ्यावरही गेले. दोन्ही एकाच वर्षी केलं.

१९९५ चा कागद आपल्या हातात आहे. तळ्यापर्यंत अजून कुणी चालत गेलेलं नाही.

जयभीम!